जुन्या धोतरांचा कोळसा

बद्रीनाथ सखाराम शेजूळ आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायन विभागाचा प्रयोगशाळा सहायक होता आणि मी त्याच महाविद्यालयाचा भांडारपाल. म्हणजे वस्तू मागणं हे त्याचं काम आणि ती शिल्लक नाही असं सांगणं हे माझं. सव्वीस वर्षं आम्ही आपापली कामं इमानेइतबारे केली. तो पुंडलिकनगरात राहायचा, मी गारखेड्यात. सकाळी बरोबर निघायचो, उस्मानपुऱ्यात थांबून अर्धा-अर्धा चहा घ्यायचो, आणि गेटातून आत शिरलं की मी त्याचा 'भाऊसाहेब' व्हायचो.

मूळचा तो करमाडच्या पुढं, आत असलेल्या बोरखेडीचा. घरी कपाशीची जमीन, थोरला भाऊ आणि वडील सखाराम, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आयटीआय करून बद्रीनाथ शहरात आला आणि प्रयोगशाळेत चिकटला. बाटल्या धुणं, सिलिंडर बदलणं, परीक्षेच्या दिवशी टेबलं मांडणं. या सगळ्यात त्याचा जीव होता तो एकाच वस्तूत: भट्टीत. विजेवर चालणारी ती नळीची भट्टी हजार अंशांपर्यंत तापायची. तिचा आकडा दाखवणारा डबा वर्षातून चार महिने बिघडलेला असायचा आणि दुरुस्तीची फाइल माझ्या टेबलावर असायची. बद्रीनाथचं त्यावाचून अडत नसे. नळीच्या तोंडाशी डोळा बारीक करून बघायचा आणि सांगायचा, "आता सातशे झालं. लाल फुटलाय, अजून केशरी नाय झाला." नवा डबा बसवला तेव्हा ताडून पाहिलं. सहाशे नव्वद होतं.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात डॉ. मनस्विनी धारूरकर आमच्याकडं रुजू झाल्या. पुण्यात पीएचडी, मग तीन वर्षं परदेशात. त्या आल्या त्याच आठवड्यात पाण्याअभावी वसतिगृह रिकामं करायची नोटीस लागली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी बद्रीनाथला बोलावून सांगितलं, "शेजूळ, आपल्याला हवा चाळायची आहे."

"कशानं, मॅडम?"

"कापडानं. म्हणजे कापडाचा कोळसा करून त्यानं."

मग त्यांनी नीट समजावलं. सुती कापड हवेशिवाय तापवलं तर त्याचा कोळसा होतो, पण धागा धागाच राहतो, वीणसुद्धा मोडत नाही. तो कोळसा कार्बन डायऑक्साइडच्या झोतात आणखी तापवला की त्याला आतून बारीक भोकं पडतात, इतकी बारीक की त्यांत वायूचे कण अडकतात. कार्बन डायऑक्साइड जास्त अडकतो, बाकीचे पुढं निघून जातात. बायोगॅसमध्ये निम्म्याच्या आसपास हाच वायू असतो आणि तो जळत नाही. तो काढून टाकला की उरलेल्या गॅसवर गाडीसुद्धा चालते. एरवी हे काम पाण्याच्या फवाऱ्यानं करतात. पण ज्या शहरात नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं तिथं गॅस धुवायला पाणी कोण देणार? म्हणून कोरडी पद्धत.

"आणि शेजूळ, अशा एका ग्रॅम धाग्याच्या आतला पसारा उलगडून अंथरला तर हजार चौरस मीटर होतो."

बद्रीनाथनं मनात हिशेब केला. "म्हंजे दहा गुंठे? एका ग्रॅमात?"

"हो."

"आमच्या घरात माणशी तेवढी उरली नाय," तो म्हणाला, आणि लगेच भट्टी पुसायला लागला.

वर्षभर त्यांनी नवा मांजरपाट जाळला. कोळसा सुरेख व्हायचा, भोकंही पडायची, पण बेताची. मॅडमच्या यंत्रावर येणारे आकडे इतर ठिकाणच्या आकड्यांपुढं किरकोळ होते. तेवढ्यात मांजरपाट संपला. बद्रीनाथनं मागणीपत्र दिलं, मी ते दोनदा त्रुटी काढून परत पाठवलं. पुढं जो शोध लागला त्यात माझा वाटा एवढाच, पण तो नाकारता येणार नाही.

मोजणीचं यंत्र त्या दोन-तीन दिवसांपुरतंच मोकळं होतं. बद्रीनाथनं इकडंतिकडं बघितलं, टेबल पुसायला ठेवलेल्या फडक्यांतलं एक स्वच्छ फडकं घेतलं, पट्टी फाडली आणि भट्टीत घातली. तिसऱ्या दिवशी मॅडम कागद घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. यंत्र बिघडलं असं समजून त्यांनी मोजणी तीनदा केली होती. आकडा दुपटीच्या वर होता.

"शेजूळ, हे कुठलं कापड?"

"धोतर हाय, मॅडम."

"कसलं धोतर?"

"आबांचं. माझ्या वडलांचं. फाटलं व्हतं म्हून पुसायला आणलेलं. पन धुऊन आणलं व्हतं, खरं सांगतो."

मॅडमनी अर्थ लावला तो असा: वर्षानुवर्षं दगडावर आपटून, पिळून, वाळवून तंतू झिजतो, सैल होतो, आणि मग भट्टीत त्याला भोकं पाडणं सोपं जातं. अर्थ पटण्यासारखा होता. त्यांनी त्याला एक लांबलचक इंग्रजी नावही दिलं. आता एकच अडचण होती. झिजलेली धोतरं हवी होती, आणि बरीच.

माझ्याकडं मागणीपत्र आलं: 'धोतर, सुती, वापरलेले, किमान पाच वर्षे धुतलेले, नग चाळीस.' मी मॅडमना भेटून नम्रपणे सांगितलं की शासकीय खरेदीत जुना माल घेता येत नाही, आणि पाच वर्षं धुतल्याची तपासणी कुणी करायची याचाही नियम नाही. नवी धोतरं मात्र घेता येतील. म्हणून चाळीस नवी धोतरं आली. पुढं तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं शेरा मारला, 'अभियांत्रिकी महाविद्यालयास धोतरांचे प्रयोजन काय?' मी लिहिलं, 'संशोधन.' त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. 'संशोधन' लिहिलं की सहसा कुणी विचारत नाही.

नव्याची जुनी कशी करायची याचा तोडगा आशाबाईंनी काढला. आशाबाई म्हणजे बद्रीनाथची बायको. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, त्यात काय एवढं? बोहारीण जुन्यावर भांडं देती, तुम्ही जुन्यावर नवं धोतर द्या."

रविवारी बद्रीनाथ गाठोडं बांधून बोरखेडीला गेला. पारावर म्हातारे कडुबा बसले होते. आबांच्याच वयाचे. त्यांनी नवं धोतर हातात घेऊन उलटसुलट केलं.

"हे मला? आन् माझं जुनं तुला?"

"व्हय, काका."

"वर काय द्यायचं?"

"काय नाय."

कडुबांनी धोतर घडी करून परत दिलं. "बद्री, नवं घेऊन जुनं मागतो म्हंजे यात काय तरी डाव हाय. जमिनीचं हाय का? अंगठा बिंगठा लागतो?"

"नाय काका. कालेजात जाळायचंय."

हे ऐकल्यावर मात्र कडुबांना विश्वास वाटला. सरकारी कामात चांगल्या वस्तू जाळतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

दोन महिन्यांत बोरखेडी आणि आसपासची चार गावं मिळून चौतीस धोतरं जमली. त्याहून जास्त नव्हतीच. नेसणारेच उरले नव्हते. त्यांची पोरं शेंद्र्याच्या कंपन्यांत पँट घालून जायची आणि पँट पॉलिस्टरची. पण बातमी पसरली. कुणी म्हणालं, जुन्या धोतराचं औषध काढतात. मग पैसे मिळतील या आशेनं लोक नवी धोतरं दगडावर घासून, मातीत मळवून, जुनी म्हणून आणायला लागले. बद्रीनाथ नुसता वास घेऊन ओळखायचा. तरी दोन-तीन गफलतीनं आली, भट्टीत गेली आणि नव्या मांजरपाटासारखीच निघाली. झिजलेली तर तीही होती. मॅडमनी त्यांची नोंद 'सदोष नमुना' म्हणून बाजूला ठेवली.

सगळ्या गावानं धोतरं बदलली, फक्त आबांनी नाही.

"मला नवं नको," ते म्हणाले.

"आबा, तुमच्याच धोतरावरून सगळं सुरू झालं."

"ते फाटकं व्हतं, फुकट दिलतं. हे नेसतोय मी. आन् तू माझ्या दारात बोहारी होऊन आलास व्हय?"

बद्रीनाथला गावात पोरंसोरं आधीच 'बोहारी' म्हणायला लागली होती.

मग आलं दोन हजार अठरा साल. शहर सगळीकडं वाढत होतं आणि त्याचा कचरा कुठं टाकायचा यावरून त्या वर्षी रस्त्यारस्त्यांत ढीग साचले. एका खासगी कंपनीनं हॉटेलं आणि भाजीबाजारातल्या ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचं ठरवलं. त्यांना मॅडमच्या धाग्याबद्दल कळलं. पण त्यांना तो किलोनं हवा होता आणि धोतरं संपली होती.

मॅडमचं उत्तर तयार होतं. झीजच हवी ना, मग आपण झिजवू. बोरखेडीत आबांच्या शेताच्या कडेला बोर होता. दोन हजार बाराच्या दुष्काळात तो सातशे फूट नेला होता. पाणी लागलं, पण कसलं? चहा फाटायचा, डाळ दोन तास उकळली तरी टणक राहायची, भांड्यांवर पांढरा थर चढायचा. प्यायला टँकर होता आणि या पाण्यावर नुसती धुणी व्हायची. तिथं मांजरपाटाचे तागे गेले. बद्रीनाथची थोरली भावजय आणि वस्तीवरच्या पाच बायका ते साबणाच्या वड्या घासून धुवायच्या, आपटायच्या, वाळवायच्या, पुन्हा धुवायच्या. पन्नास वेळा. भावजय एकदा म्हणाली, "भावजी, मळलेलं नसताना धुवायचं, हे काम मला लग्नात सांगितलं असतं तर मी आलेच नसते."

पण दोन हजार एकोणीसच्या मे-जूनमध्ये त्या कापडाचा जो धागा निघाला तो आबांच्या फडक्याच्या तोडीचा होता. कंपनीचे साहेब स्वतः येऊन बघून गेले. अंतिम चाचणी डिसेंबरात ठरली. त्या उन्हाळ्यात दुष्काळ असा होता की लोक जनावरं चारा छावणीत सोडून येत होते, आणि आमच्या प्रयोगशाळेत आकडे कधी नव्हे इतके चांगले येत होते. बद्रीनाथला आता सगळे 'शेजूळ सर' म्हणायला लागले. मीसुद्धा. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा त्यानं मागं वळून बघितलं, कुणी प्राध्यापक आला की काय म्हणून.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण आला तो थांबेना. जायकवाडी भरलं. पुढं परतीच्या पावसानं बोरखेडीचे ओढे वाहिले, कित्येक वर्षं कोरड्या पडलेल्या विहिरींना पाणी चढलं. बद्रीनाथच्या भावानं फोन करून सांगितलं की बोर आता शंभर फुटांवर आलाय. सगळ्या गावात आनंदीआनंद. आणि ऑक्टोबरात धुतलेलं कापड भट्टीतून निघालं ते अगदी सुमार.

मॅडमनी पुन्हा करायला सांगितलं. पन्नासऐवजी साठ वेळा धुतलं. तेच. भट्टी तापवायचा वेग कमी केला, सिलिंडर बदलला, नळी बदलली. तेच. मॅडमनी बायका मोजून धुतात की नाही यावर संशय घेतला, भावजयीनं ते मनाला लावून घेतलं आणि काम सोडलं. जूनचा धागा तपासण्यांत संपून गेला होता. चाचणीला नऊ दिवस राहिले.

चाचणीच्या नळीत साठ-सत्तर ग्रॅम धागा मावत होता. एका धोतराचा कोळसा तेवढाच व्हायचा.

बद्रीनाथ कुणाला न सांगता बोरखेडीला गेला. आबा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. तो त्यांच्याजवळ बसला. हे त्यानं मला पुढं सांगितलं, तसंच लिहितो.

"आबा, मला तुमचं जुनं धोतर पायजे."

"नवं आणलं का बदल्यात?"

"नाय. गडबडीत काय आणलं नाय. नुसतंच मागतोय."

आबांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. "जाळून काय निघनार त्यातून?"

"हवेतला एक वायू पकडतो त्यो कोळसा."

"पकडून?"

"पकडला की... मंग सोडून द्यायचा."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग आत जाऊन धोतर बदलून आले आणि जुनं त्याच्या मांडीवर ठेवलं. "मागायचं असं असतंय," ते म्हणाले. "तवा दुकानदारासारखा आलतास."

चाचणीच्या दिवशी कंपनीचे तीन साहेब, आमचे प्राचार्य, दोन छायाचित्रकार. प्रयोगशाळेच्या मागं टाकीत कचऱ्याचा गॅस भरून आणला होता. आधी तो तसाच पेटवला: ज्योत पिवळट, फडफडणारी, दोनदा विझली. मग तोच गॅस धाग्याच्या नळीतून सोडला. निळी, ताठ ज्योत उभी राहिली. टाळ्या झाल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. बद्रीनाथ ज्योतीकडं न बघता जमिनीकडं बघत होता.

एका साहेबानं विचारलं, "आणि पकडलेला कार्बन डायऑक्साइड कुठे आहे?"

"धाग्यात आहे, सर," बद्रीनाथ म्हणाला. "पंपानं ओढून काढला की धागा परत वापरता येतो."

"काढून कुठे टाकता?"

"खिडकीतून बाहेर."

मॅडम घाईनं म्हणाल्या की मोठ्या प्रकल्पात तो साठवायची सोय करता येईल. दुसऱ्या साहेबानं ही भट्टी चालवायला वीज किती लागते आणि त्या विजेसाठी कुठं किती कोळसा जळत असेल, असं विचारायला सुरुवात केली, पण जेवण थंड होत होतं. अहवालात लिहिलं गेलं, 'वायूची विल्हेवाट: समाधानकारक.'

चार दिवस बद्रीनाथ माझ्याशी नीट बोलला नाही. पाचव्या दिवशी भांडारात आला, दार लोटून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं: नळीत आबांच्या धोतराचा धागा होता आणि मॅडम तो धुतलेल्या मांजरपाटाचाच समजत होत्या.

"भाऊसाहेब, मॅडमला सांगू का?"

मी भांडारपाल. शिलकेत नसलेली वस्तू आहे म्हणून दाखवणं आणि असलेली नाही म्हणणं यात माझं आयुष्य गेलं. मी म्हणालो, "शेजूळ, अहवाल मंजूर झाला. गप बसा. ज्योत तर खरी होती ना?"

"ज्योत खरी व्हती," तो म्हणाला. "सर खोटा व्हता."

तो गेला. मी मागोमाग प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेलो, कारण त्याचा चेहरा मला ठीक वाटेना.

मॅडमनी ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. खुर्चीत बसून राहिल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझ्या तोंडावर मला फसवलंत तुम्ही, शेजूळ."

"व्हय, मॅडम."

"का?"

"लोक सर म्हनत व्हते."

मला वाटलं आता त्या त्याला बाहेर जायला सांगतील. पण त्यांनी चष्मा परत लावला. "आबांचं धोतर कुठं धुतात?"

"घरच्याच बोरवर."

"आणि आपलं कापडही तिथंच. मग फरक काय?"

"फरक काय नाय. पाणी तेवढं गोड झालंय आता."

"गोड म्हणजे?"

"पाऊस झाला न्हवं. आता डाळ शिजती."

मॅडम एकदम उभ्या राहिल्या. "काय म्हणालात?"

"डाळ शिजती म्हनलो. आधी शिजत नव्हती."

त्यांनी कपाटातली जुनी वही ओढली आणि त्या 'सदोष नमुन्यां'चं पान उघडलं. घासून जुनी केलेली धोतरं. झीज होती, पण वर्षानुवर्षं मुरलेलं जड पाणी नव्हतं. झिजेचा संबंधच नव्हता. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून धाग्यात मुरत होता आणि भट्टीत तोच चुना कोळशाला भोकं पाडायला मदत करत होता. दुष्काळ जितका वाढला, बोर जितका खोल गेला, तितका धागा चांगला निघत होता. पाऊस पडला आणि तो बिघडला. अडीच वर्षं मॅडम जे सिद्धांत म्हणून मांडत होत्या ते चुकीचं होतं, हे त्यांना एका डाळीवरून कळलं. त्यांनी ते तिथल्या तिथं मान्य केलं, आणि मला त्या दिवशी त्या पहिल्यांदा मोठ्या वाटल्या.

सहा आठवड्यांत त्यांनी आणि बद्रीनाथनं मोजून-मापून चुन्याचे क्षार घातलेल्या साबणाच्या पाण्यात नवा मांजरपाट बुडवला, एकदाच, आणि आबांच्या धोतराहून सरस धागा काढला. आपटणं नाही, पन्नास धुणी नाहीत. बद्रीनाथ जाऊन भावजयीची माफी मागून आला. मॅडमही गेल्या होत्या बरोबर.

त्याच सुमारास मॅडमनी कंपनीला खरं काय ते लिहिलं: चाचणीत वापरलेला धागा ठरल्याप्रमाणं तयार केलेला नव्हता, चूक आमची आहे, निकाल रद्द समजावा, आता योग्य पद्धत हाती आली आहे तर फेरचाचणी घ्यावी. सही त्यांनी स्वतःची केली, बद्रीनाथचं नाव घातलं नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. 'प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहोत. तथापि अहवाल सर्व स्तरांवर मंजूर झाला असल्याने निकाल रद्द करता येत नाही. फेरचाचणीची आवश्यकता वाटत नाही.' म्हणजे खोटी चाचणी कायम आणि खरा धागा नको. मॅडमनी आणखी दोन पत्रं पाठवली. उत्तरं आली नाहीत.

प्रकल्पाचं उद्घाटन मार्चच्या पहिल्या आठवड्यात झालं. गॅस चाळायला त्यांनी कुठला माल भरला होता कुणास ठाऊक. आमच्याकडून तरी त्यांनी एक ग्रॅम नेला नाही. तीन आठवड्यांत टाळेबंदी लागली. हॉटेलं बंद पडली, बाजार आटला, ओला कचराच येईना. ज्या शहराला कचरा उचलवत नव्हता त्याच शहरात प्रकल्प कचऱ्याअभावी थांबला. पुढं तो नीट सुरू झाल्याचं मी ऐकलं नाही.

शोधनिबंध दोन हजार एकवीसमध्ये छापून आला. पहिलं नाव मॅडमचं, दुसरं बी. एस. शेजूळ. महाविद्यालयानं हरकत घेतली की शिक्षकेतर कर्मचाऱ्यानं लेखक होण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. बद्रीनाथनं अर्ज केला. परवानगी मिळाली तेव्हा निबंध छापून दीड वर्ष आणि त्याला निवृत्त होऊन चार महिने झाले होते. मुलगी सायलीनं तो निबंध मोबाइलवर आबांना दाखवला. आबांनी फक्त एवढंच विचारलं, "यात माझं नाव कुठं हाय?" सायलीनं शोधलं. 'वापरलेले सेल्युलोज वस्त्र, स्रोत: ग्रामीण' असं होतं. ती म्हणाली, "हे बघा, इथं. ग्रामीण." आबांचं समाधान झालं.

निवृत्तीनंतर बद्रीनाथ घरी कंटाळला होता. शहराचं नाव बदललं, पुंडलिकनगरात जुनी घरं पाडून चार-चार मजले उठले, पाणी मात्र आपल्या सवडीनंच येत राहिलं. मग मागच्या वर्षी कोइम्बतूरच्या एका संस्थेचं पत्र आलं, 'प्रोफेसर शेजूळ' या नावानं. त्यांनी निबंधातल्याप्रमाणं सगळं केलं होतं, पण धागा ठिसूळ होऊन मोडत होता. मॅडमनी त्यांना कळवलं होतं की याचं उत्तर कागदावर नाही, माणसाकडं आहे.

बद्रीनाथ मनमाडला गाडी बदलून एकटा गेला. त्यांची भट्टी नवी, सगळा कारभार संगणकावर. त्याला मराठी आणि आपल्या शहराची हिंदी सोडून भाषा येत नव्हती. त्यानं नळीच्या तोंडाशी डोळा लावला, संगणकावरचा आकडा बघितला, आणि मान हलवली.

"साब, शुरू में इत्ती जल्दी नक्को," तो म्हणाला. "कपास है, लोहा नहीं. अडीचशे तक आहिस्ता आने दो, फिर दौडाओ."

त्यांनी वेग निम्म्यावर आणला. धागा अखंड निघाला. तिथल्या प्रमुखांनी त्याच्याशी हात मिळवला आणि फोटो काढला. त्यानं आपण प्रोफेसर नाही हे सांगितलं का, असं मी विचारलं.

"पैल्याच दिवशी सांगितलं," तो म्हणाला. "ते म्हनले, नो प्रॉब्लेम सर."

आता त्यांचं दुसरं पत्र आलं आहे, आठ दिवसांसाठी या म्हणून. आशाबाई म्हणतात, या खेपेला मीबी येणार. तिकिटं काढली आहेत, पण अजून वेटिंगवर आहेत.